बारा रिकाम्या डब्या

बाई आम्हाला कधीच नावाने हाक मारायच्या नाहीत. मैदानात जी जागा, तेच नाव. मी डावा कोपरा. मधे खेळणाऱ्या दोघी थोरली मध्य आणि धाकटी मध्य. चढाईला जाणारी हिरा ही नुसती चढाई. अंधेरीच्या मार्केटात भर संध्याकाळी "ए डावा कोपरा, इकडे ये" अशी हाक यायची आणि भाजीवाल्यासकट सगळे डावीकडच्या कोपऱ्यात काय आहे ते बघायचे. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी आहेराच्या पाकिटावर "डाव्या कोपऱ्याच्या बहिणीस" असं लिहून दिलं होतं. भावोजींच्या घरी ते पाकीट बरेच दिवस हातोहात फिरत होतं.

बाई मरोळकडच्या एका शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि संध्याकाळी आमच्या मंडळाच्या मुलींना कबड्डी. वय पंचेचाळिशीचं, लग्न केलेलं नाही, तिथेच भावाकडे राहायच्या. सुती साडी, तिचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत शिट्टी, थर्मास, कडुलिंबाच्या काड्यांची जुडी आणि टॉर्च. लख्ख उजेडात ही बाई टॉर्च कशाला घेऊन फिरते, असं नवीन माणसाला वाटायचं. ती टॉर्च आमच्या तोंडात बघायला होती.

सरावाच्या आधी आम्ही रांगेत उभ्या राहायचो. बाई एकेकीपुढे यायच्या आणि म्हणायच्या, "आ कर." मग गाल, हिरड्या, जिभेची खालची बाजू, सगळं बघायच्या. वास घ्यायच्या. ज्या मुलीच्या तोंडात मिश्री सापडेल तिने त्या दिवशी मैदानाला पाय लावायचा नाही. रेषेबाहेर उभं राहून गुण मोजायचे.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. दात घासायला म्हणून बोटावर घ्यायची आणि हिरडीला लावून ठेवायची. तिला तंबाखू कुणी म्हणतच नव्हतं, याचा मला आज जास्त राग येतो. माझे वडील तंबाखू मळायचे तर आई त्यांना नावं ठेवायची, आणि तीच आई दर रविवारी तव्यावर पानं भाजायला बसायची. अख्ख्या चाळीला ठसका लागायचा. मला दहाव्या वर्षी दाढदुखीवर आईनेच पहिल्यांदा बोटाने लावली. दाढ पुढे पडली, मिश्री राहिली. सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. मॅचच्या आधी लावली की डोकं कसं झकास चालतं, असं आम्ही मुली एकमेकींना सांगायचो. संघातल्या बारा जणींपैकी दोघी-तिघी सोडल्या तर सगळ्यांच्या कनवटीला किंवा पर्सच्या तळाशी डबी असायची.

बाईंनी मला पकडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मी म्हटलं, बाई, दातांसाठी लावते. बाईंनी स्वतःच्या तोंडात दोन बोटं घातली, वरची कवळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ओली, गरम. मला किळस आली आणि हात मागे घेताही येईना. बाईंचा वरचा ओठ आत गेला होता, चेहरा एकदम म्हातारीचा झाला होता. त्या तशाच बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "मी पण दातांसाठीच लावत होते."

त्यांनी बावीस वर्षं लावली होती, हे नंतर कळलं.

त्यांनी माझी मिश्री सोडवली ती गोड बोलून नाही. पहाटे साडेपाचला त्या आमच्या चाळीत हजर व्हायच्या. संडासाच्या रांगेत माझ्या शेजारी उभ्या राहायच्या, थर्मासमधलं गरम पाणी प्यायला लावायच्या, हातात कडुलिंबाची काडी द्यायच्या आणि मी ती चावते की नाही हे बघत बसायच्या. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला धरणी दुभंगावी असं वाटायचं. तल्लफ आली की काय करायचं याचाही त्यांनी नियम ठरवला होता. दाढेखाली लवंग धरायची, एक दम घ्यायचा आणि दम सुटेपर्यंत कबड्डी कबड्डी म्हणायचं. सुटला की दुसरा दम. तल्लफ काय जन्मभर बसायला येत नाही, म्हणायच्या, चढाईला येते आणि जाते, तू फक्त रेषा सोडू नकोस. मी भांडी घासताना, नळावर, बसच्या रांगेत पुटपुटत असायचे. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं की पोरीला काही बाहेरचं झालंय का.

पहिले पंधरा दिवस मी बाईंचा मनापासून द्वेष केला. डोकं ठणकायचं, हात कापायचे, धाकट्या भावाला मी विनाकारण बडवून काढलं. एकदा तर मी त्यांना तोंडावर म्हटलं की तुमचं लग्न झालं नाही म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या घरात तोंड घालता. त्यांनी ऐकून घेतलं, थर्मासचं झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला परत आल्या.

माझ्या आईकडेही त्यांनी मोर्चा वळवला होता. तुम्हीही सोडा, पोरीला सोपं जाईल, असं सांगायला गेल्या. आई कुडाळकडची. तिने हातातली डबी खाली न ठेवताच उत्तर दिलं, "माझे दात काय तुमच्या टीममध्ये खेळतले?" बाई त्यावर हसल्या, चहा प्यायल्या आणि निघताना त्यांनी ती डबी उचलून पिशवीत टाकली. आईने महिनाभर त्यांचं नाव काढलं नाही. मिश्री मात्र तिने मरेपर्यंत सोडली नाही.

माझी सुटली. दीड महिन्यानंतर एका सरावात मी सलग चौघींच्या पकडी केल्या आणि धाप लागली नाही. बाई शाबास वगैरे म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या दिवशी माझ्या तोंडात टॉर्च मारली नाही, पुढच्या मुलीकडे गेल्या.

हिराचं प्रकरण वेगळं होतं. ती खारदांड्याची. तिची आई अंधेरीच्या मार्केटात मासळी विकायला बसायची आणि हिरा टोपली पोचवायला यायची, तिथूनच बाईंनी तिला मैदानावर आणली होती. बुटकी, रुंद खांद्यांची. चढाईला गेली की समोरच्या सात जणी अर्धं पाऊल मागे सरायच्या. तिच्याइतकी मिश्री संघात कुणी लावत नव्हतं. झोपतानाही गालात ठेवायची. एका संध्याकाळी बाईंची टॉर्च तिच्या तोंडात नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिली. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, चिंचोक्याएवढा. हिराला दुखत नव्हतं, त्यामुळे तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. बाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून दातांच्या सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की असला चट्टा कधी आपोआप जातो, कधी पुढे कॅन्सरवर जातो. तंबाखू आजपासून पूर्ण बंद आणि दर महिन्याला दाखवायला यायचं.

त्यानंतर बाई रोज पहाटे खारदांड्याला जायला लागल्या. मरोळहून पहिली बस पकडून. हिराच्या घरी सुरुवातीला त्यांना कुणी पाणी विचारलं नाही. त्या ओट्यावर बसून राहायच्या. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी चट्टा कमी झालाय असं सांगितलं, तेव्हा हिराच्या आईने बाईंना दोन मोठे पापलेट दिले. बाई शाकाहारी होत्या. त्यांनी ते पापलेट बसमधून आणून माझ्या आईला दिले, आणि त्या दिवसापासून आई त्यांच्याशी परत बोलायला लागली.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले त्या गोष्टीवर येते.

आमच्या मंडळाचे एक सेक्रेटरी होते. त्यांना अहो-जाहो करायची जिभेला सवय आहे, ती मोडत नाही, नाहीतर मोडली असती. त्या वर्षी त्यांनी मुलींच्या स्पर्धेला दाता मिळवला. दाता म्हणजे मिश्रीच्या कारखान्याचा मालक. चषक त्याचा, मांडव त्याचा, आमच्या टी-शर्टचं कापड त्याचं आणि छातीवर त्याच्या डबीचं चित्र, हे एवढं मोठं. गिरण्यांच्या संपानंतरचे दिवस होते, आमच्यापैकी निम्म्या जणींचे बाप घरी बसले होते. फुकटचे टी-शर्ट बघून आम्ही खूश झालो. मीसुद्धा. ही लाजेची गोष्ट आहे, पण झाली तशी सांगते.

बाई हिराला घेऊन मंडळाच्या कचेरीत गेल्या. मी सोबत होते. सेक्रेटरी समजुतीच्या सुरात बोलले. मिश्री आहे ती, दारू नाही. आमच्या घरच्या सगळ्या बायका लावतात. आणि मुलींच्या कबड्डीला दुसरा कोण उभा राहतो ते दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. हे शेवटचं खरं होतं. मुलींच्या कबड्डीला कुणीही उभं राहत नव्हतं. त्याचाच त्या कारखानदाराने फायदा घेतला होता.

बाईंनी पिशवीतून टॉर्च काढली आणि त्यांच्यापुढे धरली. म्हणाल्या, "तुम्ही फक्त एकदा हिच्या तोंडात बघा. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

हिराने तोंड उघडलं. सेक्रेटरींनी नाक मुरडून मान फिरवली आणि म्हणाले, "शी. मी काय डॉक्टर आहे?"

ती तोंड उघडून तशीच उभी होती. बाई "मिट" म्हणाल्या तेव्हा तिने मिटलं. एवढ्या वर्षांत मी बरेच अपमान पाहिले, माझेही झाले. पण वीस वर्षांची पोर तोंड उघडून उभी आहे आणि समोरचा माणूस शी म्हणतो, हे आठवलं की माझी कानशिलं आजही गरम होतात.

अंतिम सामन्याच्या दिवशी बाईंनी कपडे बदलायच्या खोलीत आम्हाला सांगितलं, टी-शर्ट उलटे घाला. आम्ही घातले. आतली शिवण बाहेर, चित्र आत. पाठीवरचे आकडेही आत गेले. पंचांनी हरकत घेतली, तेव्हा बाईंनी मैदान आखायची फक्की पाण्यात कालवली आणि बोटाने आमच्या पाठीवर आकडे काढले. पहिल्या पाच मिनिटांत घामाने ते ओघळले आणि सगळ्यांच्या पाठी नुसत्या पांढऱ्या झाल्या. पंच शेवटी चेहऱ्यांवरून ओळखून बाद द्यायला लागले. पहिल्या रांगेत सोफ्यावर तो कारखानदार बसला होता, त्याच्या शेजारी सेक्रेटरी. हिरा त्या दिवशी अंगात आल्यासारखी खेळली. शेवटच्या चढाईत तिने तिघींना एकदम बाद केलं आणि आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

चषकासोबत कारखानदाराने एक पिशवी दिली. सर्व खेळाडूंना सप्रेम भेट. आत मिश्रीच्या बारा डब्या, प्रत्येकीला एक. सगळ्यांसमोर, हार-तुरे चालू असताना.

बाईंनी पिशवी हातात घेतली. नमस्कार केला. मग मांडवाच्या मागे सार्वजनिक संडास होता तिथे गेल्या. लोकांना वाटलं, जायचं असेल. मी पाठोपाठ गेले. त्या एकेक डबी उघडत होत्या, भांड्यात रिकामी करत होत्या, बुडावर दोनदा टिचकी मारून चुरासुद्धा राहू देत नव्हत्या. घाई अजिबात नाही. बाराव्या डबीनंतर बादलीभर पाणी ओतलं. मग मांडवात परत आल्या आणि त्या बारा डब्या एकावर एक रचून कारखानदारासमोरच्या टेबलावर ठेवल्या, चषकाच्या जागी.

"डब्या तुमच्या आहेत," बाई म्हणाल्या. "त्या परत घ्या. आतलं जिथे जायला पाहिजे तिथे गेलं."

माइक चालू होता. शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी आम्हा मुलींना बोलावलं. टेबलावर कागद होता. त्यात लिहिलं होतं की बाई खेळाडूंची तोंडं उघडायला लावून तपासतात, वेळी-अवेळी घरी येतात, सामान घेऊन जातात, पाहुण्यांचा जाहीर अपमान करतात. खाली आमच्या सह्यांसाठी जागा सोडली होती. ते म्हणाले, राज्याच्या निवडीसाठी नावं माझ्याकडून जातात. बँकेतली, वीज कंपनीतली खेळाडूंची भरतीपण तुम्हाला माहीत आहे. मी कुणावर जबरदस्ती करत नाही.

त्या कागदात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच सही करणं सोपं गेलं. तिसरी सही माझी आहे.

हिराने पेन हातात घेतलं नाही. ती उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. मंडळात परत आलीच नाही. तिचं नाव राज्याच्या निवडीला गेलं नाही. माझं गेलं.

बाईंना मैदानात यायला बंदी झाली. तरी त्या यायच्या. मैदानाच्या भिंतीबाहेर, फाटकाजवळ उभ्या राहायच्या, आणि सराव सुटला की प्रत्येकीला म्हणायच्या, आ कर. मुली खाली बघून बाजूने निघून जायच्या. नवीन प्रशिक्षक हसायचा. मीही खाली बघून गेले. एकदा नाही, जवळजवळ दोन महिने, आठवड्यातून चार दिवस. बाई मला थांबवायच्या नाहीत. त्यांना वास आलाच असणार. कारण सही केल्याच्या चौथ्या दिवशी मी आईच्या डबीत परत बोट घातलं होतं, आणि त्यांच्यासमोरून जाताना मी ओठ दाबून धरत होते ते नुसतं लाजेने नाही.

मग एक दिवस त्या आल्या नाहीत. बाई आता दर रविवारी सकाळी खारदांड्याच्या वाळूत कोळ्यांच्या मुलींना कबड्डी शिकवतात आणि हिरा त्यांना मदत करते, असं कुणीतरी सांगितलं. हिराचा चट्टा पूर्ण गेला हेही कळलं. मला आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. मला राग आला. ती सुटली आणि मी अडकले, याचा राग.

मला बँकेत नोकरी लागली, खेळाडू म्हणून. दोन वर्षांनी एका सकाळी कॅश काउंटरवर बसलेली असताना एका म्हाताऱ्या बाईने नोटा घेताना माझ्या बोटाकडे बघितलं. उजव्या हाताची तर्जनी, नखापर्यंत काळी. मी त्या दिवशी डबी टाकली. बँकेच्या बाथरूममध्ये नळ सोडून, दाढेखाली लवंग धरून कबड्डी कबड्डी म्हणत मी ती दुसऱ्यांदा सोडली. या वेळी पहाटे कुणी आलं नाही. सुटल्यावर वाटलं, जाऊन बाईंना सांगावं. मरोळ बँकेपासून बसने वीस मिनिटं. मी आज जाईन, उद्या जाईन करत राहिले. चार वर्षं करत राहिले.

बाई काविळीने गेल्या. पंधरा दिवसांत खलास. मला पेपरमधल्या शोकसभेच्या जाहिरातीवरून कळलं. शोकसभा आमच्याच मंडळाने ठेवली होती. ज्यांनी हाकललं त्यांनीच. मी गेले. मंडळाच्या हॉलमध्ये टेबलावर बाईंचा फोटो, हार, उदबत्ती. आणि मागच्या भिंतीवर येत्या स्पर्धेचा कापडी फलक, त्यावर तीच डबी. फोटोतल्या बाईंच्या डोक्याच्या बरोब्बर वर. कुणालाही तो काढावासा वाटला नव्हता. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, आणि हे जास्त वाईट.

सेक्रेटरी बोलायला उठले. बाई आमच्या मंडळाच्या माऊली होत्या, म्हणाले. मुलींच्या आरोग्यासाठी त्या झिजल्या. आवाज दाटून आला त्यांचा, खरोखर दाटून आला. शेवटच्या खुर्चीवरून हिरा उठली. मी तिला सहा वर्षांनी बघत होते. अंगावर मार्केटातली साडी, हाताला मासळीचा वास. ती सरळ पुढे गेली, हार काढून टेबलावर ठेवला, फोटो उचलला आणि काखेत मारला. सेक्रेटरी म्हणाले, अगं, हे काय. ती त्यांच्याकडे न बघता दाराकडे चालायला लागली.

मी उठले. तिच्यामागून बाहेर पडले. आणखी कुणी उठलं नाही.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. फोटो तिच्या मांडीवर, काच वरच्या बाजूला. तिने विचारलं, तेव्हा का नाही उठलीस. मी म्हटलं, नोकरीसाठी. तिने मान हलवली, जणू बाजारभाव ऐकला. मी म्हटलं, फोटो माझ्याकडे दे हिरा, माझ्या घरी जागा आहे, चांगला लावीन, रोज पुसेन.

"तुझ्याकडे नको," ती म्हणाली. "तू जपशील गं. पण कुणी विचारलं, ही कोण, तर तू गप्प बसशील."

खारदांड्याच्या स्टॉपवर ती उतरली. फोटो पोटाशी धरून, गर्दीतून कोपराने वाट काढत. मी खिडकीतून बघत राहिले आणि बस सुटली.

मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. तरी सांगितलं.